फ्युएल सेलचं किट घरी चालवायचंय? मग आधी हे वाचा

लहान मुलांच्या सायन्स किटमध्ये येतो तो काडेपेटीएवढा फ्युएल सेल (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणारा), त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं अजिबात नको. मी एकदा आळसाने घातलं आणि सेल कायमचा गेला, कारण पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम आतल्या पडद्यात जाऊन बसतात आणि मग प्रोटॉनना (हायड्रोजनच्या धन कणांना) जायला वाटच उरत नाही.

पडदा म्हणजे नाफियॉनसारखं पातळ पॉलिमर, ओलं असेल तरच काम करतं, म्हणून पाणी भरून थोडा वेळ तसंच ठेवा. मग किटसोबतची बॅटरी जोडा, लाल लालला, काळी काळीला, उलटी जोडली तर संपलं. विजेने पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतं, बुडबुडे दिसतील, एका नळीत दुसरीच्या दुप्पट गॅस, तो हायड्रोजन (जवळ काडी-मेणबत्ती नको हं).

आता बॅटरी काढा, पंखा लावा. पडद्यावरच्या प्लॅटिनमच्या थरावर हायड्रोजन फुटतो, प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनना तिथून जाता येत नाही म्हणून ते वायरने फिरून जातात, तीच वीज, आणि पलीकडे ऑक्सिजनला भेटून परत पाणी.

एलईडी पेटत नाही म्हणून सेल खराब समजू नका, काही जोडून चालवताना एक सेल साधारण ०.६-०.७ व्होल्टच देतो, एलईडीला तेवढे पुरत नाहीत. म्हणून तर टोयोटा मिराई या हायड्रोजन कारच्या नव्या मॉडेलमध्ये ३३० सेल एकावर एक रचलेत. पुण्यात २०२२ साली दाखवलेली केपीआयटी कंपनी आणि एनसीएलची (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) हायड्रोजन बसही याच तत्त्वावर चालते.

खेळून झालं की पाणी पूर्ण सुकू देऊ नका, झिपलॉकमध्ये ठेवा.