चार कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकत्र कशी नांदवायची?

दिवे एका कंपनीचे, प्लग दुसरीचे, दाराचा सेन्सर तिसरीचा आणि फोनमध्ये चार वेगवेगळी अ‍ॅप. स्मार्ट घर थोडंथोडं करत जमवलं की बहुधा हीच गत होते. मग बरेच जण वैतागून पाचवं अ‍ॅप टाकून बघतात. त्याआधी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसा.

१. यादी करा, पण कंपनीनुसार नको

प्रत्येक उपकरणापुढे ते कशावरून बोलतं ते लिहा : वाय-फाय, ब्लूटूथ, की झिग्बी, झेड-वेव्ह, थ्रेड ही स्मार्ट उपकरणांसाठीची बिनतारी जाळी. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात खूण असते. वाय-फायवाली थेट राउटरला जोडली जातात. झिग्बी आणि झेड-वेव्हला हब (मध्ये राहून त्यांना घरच्या नेटवर्कशी जोडणारी पेटी) लागतो, थ्रेडला तेच काम करणारा बॉर्डर राउटर. हा बॉर्डर राउटर बरेचदा एखाद्या स्मार्ट स्पीकरमध्येच दडलेला असतो, म्हणून विकत घेण्याआधी घरात शोधा.

‘मॅटर’ या शब्दाने मात्र सगळे गोंधळतात. मॅटर हा रेडिओ नाही, ती भाषा आहे. ती वाय-फाय, इथरनेट किंवा थ्रेडवरून बोलली जाते. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२मध्ये आली आणि अ‍ॅपल, गूगल, अ‍ॅमेझॉन, सॅमसंग या चौघांनीही ती स्वीकारली. म्हणून यादीत मॅटरची खूण असलेल्या वस्तूंवर गोल करा. त्यांचा त्रास सगळ्यात कमी. थ्रेड आणि झिग्बी एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, पण एकमेकांचं बोलणं त्यांना कळत नाही.

२. कारभारी एकच नेमा

अ‍ॅपल होम, गूगल होम, अलेक्सा, स्मार्टथिंग्ज किंवा होम असिस्टंट. सगळी उपकरणं एकाच ठिकाणाहून चालवणारे हे कारभारी. यातला कोणताही चालेल, पण एकच. पाच-दहा वस्तू असतील तर घरातल्या बहुतेकांच्या फोनवर जे सहज चालतं ते घ्या. जुन्या, चमत्कारिक वस्तूंचा भरणा असेल तर माझं मत होम असिस्टंटला. हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घरातल्याच एखाद्या छोट्या संगणकावर चालतं आणि बहुतेक कंपन्यांशी जमवून घेतं. शिकायला दोन-चार सुट्ट्या जातील, हे आधीच सांगून ठेवतो.

३. मूळ अ‍ॅपमधून फर्मवेअर अपडेट करा

फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर. ते जोडणीच्या आधी अपडेट करा. आणि ते अ‍ॅप नंतरही ठेवा, कारण पुढचे अपडेट पुष्कळदा तिथूनच येतात.

४. जोडणी

झिग्बीत क्रम महत्त्वाचा. कायम विजेवर चालणारे प्लग आणि दिवे आधी जोडा, कारण ते इतरांचा निरोप पुढे पोचवतात. बॅटरीवरचे सेन्सर नंतर. ते फक्त स्वतःचं बोलतात. भिंतीवरचं बटण बंद केलं की दिवा गेला आणि त्याच्यावर अवलंबून असलेला सेन्सरही अडखळला, म्हणून त्या बटणांबद्दल घरच्यांना सांगून ठेवा.

दिवे आधीच त्यांच्या कंपनीच्या ब्रिजवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या हबवर असतील तर उपटू नका. ब्रिजलाच मॅटर येत असेल तर तो एकटा जोडा, मागचे सगळे दिवे आपोआप येतील.

वाय-फायचे बरेच बल्ब आणि प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. पेअरिंग (पहिली जोडणी) अडलं तर राउटरचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा थोडा वेळ बंद करून बघा. फोन गेस्ट नेटवर्कवर नाही ना, तेही पाहा. मॅटरची वस्तू सापडतच नसेल तर राउटरमध्ये आयपीव्ही६ (नेटवर्कवर पत्ते देण्याची नवी पद्धत) बंद आहे का ते तपासा.

मॅटरचा क्यूआर कोड बल्ब बसवण्याआधीच फोटो काढून ठेवा. नंतर शिडी आणावी लागते. एकदा जोडलेली वस्तू दुसऱ्या अ‍ॅपमध्येही हवी असेल तर तोच स्टिकर पुन्हा स्कॅन करून उपयोग होत नाही. पहिल्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन नवा कोड मागायचा आणि तो दुसऱ्यात टाकायचा. ‘उपकरण खराब निघालं’ म्हणून परत करण्याआधी एवढं करून पाहा.

संगणकाला झिग्बीचा डोंगल (यूएसबीत बसणारा छोटा रेडिओ) लावला असेल तर तो यूएसबी ३च्या पोर्टपासून लांब न्या. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच पडतो. साधी यूएसबी एक्स्टेंशन केबल पुरते.

५. ऑटोमेशन एकाच ठिकाणी लिहा

माझ्या पॅसेजमधला दिवा रात्री लागायचा आणि दोन मिनिटांत विझायचा. आठवडाभर मी सेन्सरला दोष देत बसलो. शेवटी सापडलं ते असं : कधीकाळी मीच मूळ अ‍ॅपमध्ये ‘दोन मिनिटांनी बंद’ असा नियम लिहून विसरून गेलो होतो. दोन अ‍ॅप एकाच दिव्याला हुकूम सोडत होती. त्यामुळे कारभारी ठरला की बाकी अ‍ॅपमधले नियम आणि टायमर पुसून टाका.

नावंही इथेच नीट द्या : ‘स्वयंपाकघर ओटा दिवा’. ‘दिवा ३’ कुठला, हे महिन्याने तुम्हालाही आठवणार नाही.

६. इंटरनेट काढून बघा

राउटर चालू ठेवा, फक्त बाहेरून येणारी केबल काढा. आता बटणं दाबा, सेन्सरसमोरून चाला. जे अडलं ते कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. पहिल्या यादीत त्याच्यापुढे फुली मारा, आणि ती वस्तू बिघडली की तिच्या जागी मॅटरची खूण असलेली आणा.