घाटातल्या रोजच्या वाटेसाठी घरची गाडी कशी निवडावी

मिरगाचा पाऊस लागला की कोल्हापूरच्या पश्चिमेकडचे रस्ते पार बदलून जातात. गगनबावड्याला शाळेवर जाणारे शिक्षक, आंबा घाट उतरून साखरप्याला कामाला जाणारे, दाजीपूरवरून फोंडा घाट गाठणारे, पन्हाळ्यावरून रोज शहरात उतरणारे, या सगळ्यांचे चार महिने पाऊस, धुकं आणि लाल चिखलात जातात. आम्हीही नोकरीमुळे बरीच वर्षं करूळ घाटातून वैभववाडीला ये-जा केली. त्या अनुभवावरून सांगतो, गाडी शोरूममध्ये पसंत करा, पण पक्की घाटात करा.

आधी वाट लिहून काढा

गाड्यांची माहिती वाचण्याआधी एका कागदावर आपली वाट लिहा. किती किलोमीटर सपाट, किती घाट, कच्चा रस्ता किती, परतताना अंधार पडतो का, गाडीत रोज किती माणसं. एवढ्यानंच निम्मी यादी गळून पडते.

फोर बाय फोरचा मोह बहुतेकांना होतो. डांबरी घाटरस्त्याला पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडी चांगल्या टायरांवर पुरते. घर वाडीच्या टोकाला असेल आणि शेवटचा टप्पा मातीचा, चढाचा असेल, तरच चारही चाकांच्या ताकदीला पैसे घाला. आणि पुरातून निघेल अशी गाडी शोधूच नका. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आलं की तो रस्ता बंदच समजायचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पावसाळ्यात निघण्याआधी हा आकडा बघायची सवय कुठल्याही गाडीपेक्षा मोलाची आहे. वाहत्या पाण्यात उंच गाडीसुद्धा तरंगते आणि वाहून जाते.

सगळं घर बसवून चालवून बघा

विक्रेता शेजारी बसवून, एकट्यानं सपाट रस्त्यावर मारलेल्या फेरीतून काही कळत नाही. आई-वडील, मुलं, डिकीत दोन बॅगा, एसी चालू, अशी भरलेली गाडी पन्हाळ्याच्या चढावर न्या. मधेच थांबा आणि पुन्हा उचला. मागे घसरते का? हिल होल्ड असेल तर ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी दोन-तीन सेकंद जागेवर राहते. नवशिक्या चालकाला हे फार उपयोगी आहे. बिनटर्बोचं (म्हणजे जास्त हवा आत ढकलून ताकद वाढवणारा पंखा नसलेलं) बाराशे सीसी पेट्रोल इंजिन पाच माणसं घेऊन चढताना बऱ्याचदा दुसऱ्या गिअरवर येतं. त्यानं बिघडत काही नाही, पण उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना ते कमी पडतं हे धरून चाला. डिझेल किंवा टर्बो पेट्रोल इंजिन आपल्या कमी फेऱ्यांवरच जोर देतं, म्हणून चढावर सुखाचं. सीएनजी रोजच्या खर्चाला परवडतो, पण थोडा जोर आणि बरीच डिकी खातो.

घरात कुणाला गाडी लागत असेल, तर त्याच माणसाला मागच्या सीटवर बसवा. आमच्या आईला गाडी लागते. आम्हाला एक उंच, मऊ सस्पेन्शनची गाडी फार आवडली होती. चौथ्या वळणाला आईनं खिडकी खाली केली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "बाळ, ही नको." उंच गाडी वळणावर जास्त झुलते. रोज घाट करणाऱ्या घराला हे कुठल्याही स्क्रीनपेक्षा महत्त्वाचं.

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे त्याचा, आकडा विचारताना तो रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हेही विचारा. काही कंपन्या एक देतात, काही दुसरा.

उतरताना गाडी कशी वागते

चढापेक्षा उतार गाडीची खरी परीक्षा घेतो. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या एसटी चालकांचा नियम आजही खरा आहे. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की खाली जळका वास येतो, पेडल मऊ पडतं आणि गाडी थांबायला लांब जाते. म्हणून ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर गिअर हातानं खाली आणून तिथंच ठेवता येतो का, हे उतारावरच तपासा. एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सलाच क्लच आणि गिअर आपोआप टाकणारं यंत्र जोडलेली गाडी, स्वस्त पडते, पण चढावरच्या वाहनांच्या रांगेत धक्के देते. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा ऑटोमॅटिक, महाग, पण अशा वाटेला मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. इलेक्ट्रिक गाडीत उतारावर मोटरच गाडी आवरते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते.

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, 2019 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये सक्तीचं आहे, त्यामुळे त्याची जाहिरात ऐकून भुलू नका. विचारायचं ते ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल). ओल्या वळणावर गाडी सरकू लागली की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरतं. सनरूफ सोडा, पण ज्या मॉडेलमध्ये ईएससी आहे तेच घ्या. भारत एनसीएपीची सुरक्षा चाचणी ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे, तिचे तारेही बघा.

धुक्यात दिसायला हवं

मागच्या काचेला वाफ घालवणारा डिफॉगर आणि वायपर, पुढे खाली बसवलेले फॉग लॅम्प, पटकन वाफ काढणारा एसी. धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिपरचा उजेड खालच्या रस्त्यावर नीट पडतो का, हे संध्याकाळी पाहून घ्या.

जुनी गाडी घेत असाल तर

2019 आणि 2021 च्या पुरात इकडे असंख्य गाड्या बुडाल्या, आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. मी एक अशीच गाडी घेता घेता वाचलो. बाहेरून आरसा, आत अत्तराचा वास. सोबत आलेल्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढत गेला. टोकाच्या हातभर पट्ट्यावर पिवळट गाळाची सरळ रेघ होती. "दादा, हितपर्यंत पाणी हुतं बघा," एवढंच तो म्हणाला. तुम्हीही चारही पट्टे ओढा, स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज बघा, हेडलाइटमध्ये वाफ आहे का पाहा आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा.

पैसे टायरसाठी राखा

ओल्या रस्त्याला गाडीचे चार टायरच धरून ठेवतात, प्रत्येकी तळहाताएवढ्या जागेनं. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 3223 म्हणजे 2023 चा बत्तिसावा आठवडा. खाचांमधली छोटी उंच खूण 1.6 मिलिमीटरची असते. रबर तिच्याशी समपातळीला आलं की टायर कायद्यानंही संपला. घाटातल्या पावसाला मी तीन मिलिमीटरवरच बदलतो, आणि तेही जून लागायच्या आत. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्या. साध्या विम्यात पाणी शिरून बसलेल्या इंजिनाची भरपाई सहसा मिळत नाही. आणि गाडी पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि मिस्त्रीला बोलवा.