सर्जनशील संस्थेत विश्वास आणि आपलेपणा कसा रुजवावा

मुंबईतील जाहिरात संस्था, डिझाइन स्टुडिओ आणि संकलन कक्षांमधून चांगली माणसे निघून जातात, त्यामागे पुष्कळदा एकच दुखणे असते: कल्पना एकाची आणि नाव दुसऱ्याचे. म्हणून सुरुवात श्रेयापासूनच करावी. पहिले रेखाटन कोणाचे, मथळा कोणाला सुचला, याची नोंद पहिल्या बैठकीपासून सर्वांना उघडता येईल अशा फाइलमध्ये ठेवावी आणि ग्राहकापुढे सादरीकरण करताना ज्याने काम केले त्यालाच, तो काल रुजू झालेला असला तरी, बोलू द्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कर्त्याला आपल्या कृतीवर नाव सांगण्याचा हक्क देते आणि कॉपीराइट दुसऱ्याकडे गेल्यावरही तो हक्क शाबूत राहतो. त्यामुळे हे काम पोर्टफोलिओत दाखवण्याची मुभा नियुक्तीपत्रातच लिहून द्यावी.

दुसरी बाब भाषेची आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. जे.जे. कला महाविद्यालयातून शिकून आलेला, डोंबिवलीहून रोज लोकलने येणारा चित्रकार मराठीत विचार करतो, पण बैठक इंग्रजीत चालते, आणि वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. अशा वेळी कल्पना मराठीत किंवा हिंदीत मांडण्याची मोकळीक प्रमुखाने स्वतः त्या भाषेत बोलून द्यावी. नुसती सूचना लावून संकोच जात नाही.

कच्चे काम पाहताना ज्येष्ठांनी शेवटी बोलावे, कारण त्यांचे मत आधी आले की बाकीचे त्याच्याच मागे जातात. व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९९ मधील शोधनिबंधात मानसिक सुरक्षिततेचा, म्हणजे न घाबरता बोलता येईल या खात्रीचा, संबंध चमूच्या शिकण्याशी जोडला होता. चूक कबूल करणाऱ्याचा पाणउतारा होत असेल, तर चुका थांबत नाहीत, त्या फक्त लपवल्या जातात.

दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावीच लागते. तिच्या सदस्यांची नावे दर्शनी भागात लावावीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रीची संमती आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय आवश्यक आहे. सादरीकरणाच्या आदल्या रात्री ही सोय पुरुष सहकाऱ्यांना आणि मुक्त कलाकारांनाही द्यावी, आणि कामाचे वेळापत्रक आखतानाच बदलापूरला व विरारला जाणाऱ्या शेवटच्या लोकलची वेळ त्यावर लिहून ठेवावी.