ब्लॅकबेरीची घरगुती वाईन: पहिले साडेचार लिटर

ब्रिटनमध्ये ऑगस्टच्या अखेरीस शेतांच्या कडेची काटेरी कुंपणे ब्लॅकबेरीने काळी होतात, आणि लहानपणी करवंदांच्या जाळीत हात घातलेल्या माणसाला ही फळे कशी तोडावीत हे शिकवावे लागत नाही. नवशिक्याने पहिली वाईन याच फळाची करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण रंग, आंबटपणा आणि थोडा तुरटपणा या तिन्ही गोष्टी त्यात मुळातच असतात. ब्रिटनमध्ये घरच्यापुरती वाईन करण्यास परवाना लागत नाही. मात्र ती विकता येत नाही आणि परवान्याशिवाय ऊर्ध्वपातन करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य तयार करता येत नाही, त्यामुळे तिथल्या वाचकांनी ही कृती केवळ माहिती म्हणून वाचावी.

साडेचार लिटर वाईनसाठी 1.8 किलो पिकलेली ब्लॅकबेरी, 900 ग्रॅम साखर, पावणेतीन लिटर पाणी, पेक्टिक एन्झाइम (फळातील पेक्टिन मोडून वाईन निवळायला मदत करणारे), यीस्टचे पोषक द्रव्य, कॅम्पडेनची एक गोळी (रानटी यीस्ट आणि जिवाणू रोखणारी) आणि वाईन यीस्टचे एक पाकीट घ्यावे. पावाचे यीस्टही साखर आंबवते, परंतु त्याचा साका नीट बसत नाही आणि वाईनला पावाचा वास राहतो.

फळांना लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक करून घ्यावी. तांब्या-पितळेची आणि लोखंडाची भांडी टाळावीत, कारण फळातील आम्ल धातूवर परिणाम करते. अन्नासाठी योग्य अशी प्लास्टिकची झाकणाची बादली उत्तम. धुतलेली फळे तिच्यात कुस्करून त्यांवर साखर आणि उकळते पाणी घालावे, साखर विरघळेपर्यंत ढवळावे आणि मिश्रण पूर्ण थंड झाल्यावर गोळीची पूड मिसळावी. या गोळीतून सल्फर डायऑक्साइड निघतो, म्हणून दमा असलेल्यांनी जपावे. बारा तासांनी एन्झाइम आणि त्यानंतर आणखी बारा तासांनी पोषक द्रव्य व यीस्ट घालावे. ही घाई करू नये: एन्झाइम उष्णतेने निकामी होते, आणि गोळीचा जोर ओसरण्याआधी घातलेले यीस्ट दुबळे पडते.

पुढचे चार-पाच दिवस बादली सैल झाकून 18 ते 22 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी आणि वर तरंगणारा चोथा दिवसातून दोनदा खाली दाबावा. या काळात चिलटांना आत मुळीच शिरू देऊ नये, कारण त्यांच्या अंगावरून येणारे जिवाणू वाईनचा व्हिनेगर करतात. मग मिश्रण मलमलीच्या कापडातून गाळून डेमिजॉन या काचेच्या मोठ्या बाटलीत भरावे. चोथा फार पिळू नये, नाहीतर वाईन गढूळ राहते. गरज पडल्यास उकळून गार केलेले पाणी घालून बाटली खांद्यापर्यंत भरावी आणि तोंडाला एअरलॉक लावावा, म्हणजे आतला वायू बाहेर जातो पण हवा आत येत नाही.

बुडबुडे चार ते सहा आठवड्यांत थांबतात. परंतु केवळ त्यांवर विसंबू नये, कारण थंडीनेही यीस्ट सुस्तावते. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारे साधन, घ्यावेच. आरंभी 1.085 च्या आसपास असलेली घनता 1.000 च्या खाली उतरली आणि काही दिवस तशीच राहिली, म्हणजे आंबणे संपले. तेव्हा मद्यार्क साधारण 11 ते 12 टक्के असतो. त्याआधी बाटल्यांना घट्ट बुचे मारल्यास आतल्या वायूच्या दाबाने काच फुटून गंभीर इजा होऊ शकते.

यानंतर साका न हलवता नळीने वरची वाईन स्वच्छ डेमिजॉनमध्ये उतरवावी आणि दोन महिन्यांनी, ती निवळल्यावर, पुन्हा तसेच करावे. गोड वाईन हवी असल्यास पोटॅशियम सॉर्बेट (यीस्टची वाढ रोखणारे संरक्षक) आणि कॅम्पडेन घातल्याशिवाय साखर मिसळू नये, नाहीतर ती पुन्हा आंबू लागते. मग वाईन बाटल्यांत भरून बुचे मारावीत आणि बाटल्यांवर तारीख लिहून त्या अंधाऱ्या, गार जागी आडव्या ठेवाव्यात. पहिली बाटली सहा महिन्यांनी उघडावी. वर्षभर मुरलेल्या वाईनचा तुरटपणा अधिक मऊ झालेला असतो, म्हणून निदान दोन बाटल्या पुढच्या ऑगस्टपर्यंत राखाव्यात.