पहिलीच्या इंग्रजीचं टाचण: नवं थोडं, जुनं फार

नव्याने रुजू झालेले शिक्षक भेटले की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, पहिलीला इंग्रजीत रोज नवीन काय घ्यायचं?" माझं उत्तर ऐकून ते जरा हिरमुसतात. रोज नवीन काही घ्यायचंच नाही. टाचण, म्हणजे रोजच्या पाठाचं नियोजन, काढायला बसलात की आधी हे लिहा: काल, परवा आणि गेल्या आठवड्यात झालेलं आज कुठे परत येणार आहे. नवीन काय ते त्याच्याखाली एका ओळीत मावलं पाहिजे. मावत नसेल तर उरलेलं उद्यावर ढकला.

मी नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरी एका खोलीत माझ्याकडे, तिसरी-चौथी पलीकडे सरांकडे. आमच्याकडे उजळणी ही हौस नाही, नाइलाज आहे. द्राक्षाची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं उतरतात, बागेच्या कडेला राहतात आणि वर्गात नवी पोरं येऊन बसतात. त्यांच्या घरी कोकणा बोली. म्हणजे मराठीच त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. काढणी आटोपली की ती परत जातात. शिवाय लग्नसराईला गेलेली, आजारी पडलेली, बाजाराच्या दिवशी धाकट्याला सांभाळायला घरी राहिलेली वेगळीच. सोमवारचं मंगळवारी परत येत नसेल, तर तुमचं टाचण फक्त सोमवारी हजर असलेल्यांसाठी आहे.

आता वाक्य निवडायचं कसं ते सांगते, कारण बाकी सगळा डोलारा त्यावर उभा आहे. धडा शब्दांचा नको, वाक्याचा हवा. आपल्या राज्यात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते जून २००० पासून. म्हणजे आज आपल्याकडे पोरं पाठवणारे कित्येक आईबाप स्वतः पहिलीपासून इंग्रजी शिकलेले आहेत. विचारून बघा, 'ए फॉर ॲपल' ते एका दमात म्हणतील. पण 'डू यू लाइक मँगोज?' म्हटलं की हसून मान वळवतील. शब्द भरपूर शिकवले गेले, ते घालायला वाक्य मिळालं नाही.

वाक्य असं घ्या की ते खरंच बोलायची पोराला गरज पडेल, मराठी न वापरता ते करून दाखवता येईल आणि त्यातला एक शब्द बदलला की नवं वाक्य तयार होईल. 'गिव्ह मी द बॉल', 'आय लाइक मँगोज', 'आय कॅन जम्प', 'वेअर इज माय बॅग?' ही चारच वाक्यं पहिल्या सहामाहीला पुरतात, मी अतिशयोक्ती करत नाहीये. 'धिस इज अ' घेणार असाल तर पहिल्या आठवड्यात ॲपल, ऑरेंज आणि अम्ब्रेला यांना वर्गाबाहेर ठेवा. 'अ' आणि 'अ‍ॅन'चा घोळ सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात कशाला? बॉल, बॅग, पेन, बॉटल, बस. शब्द शक्यतो घरात वावरणारेच घ्या. आपल्या पोरांना ट्रॅक्टर, ड्रिप, पाइप, मोबाईल, चार्जर, पिकअप हे कुणी शिकवावं लागत नाही. शब्द ओळखीचा असला की सगळं लक्ष वाक्याकडे लागतं.

चित्रं लावताना आपल्या भागापुरती एक खबरदारी. गाजराचं चित्र दाखवून 'कॅरट' म्हणालात की टोमॅटोवाल्यांची पोरं कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या क्रेटकडे बोट करतात. आमच्याकडे क्रेटला कॅरेटच म्हणतात. गिरणाऱ्याला, पिंपळगावला टोमॅटोचा भाव कॅरेटवरच निघतो. पोरांचं काही चुकत नाही. भाज्यांच्या यादीत गाजर शेवटी घ्या आणि घ्याल तेव्हा खरं गाजर आणा.

एक आठवडा उलगडून दाखवते. वाक्य 'आय लाइक'. सोमवारी मँगोज, बनानाज आणि ग्रेप्स एवढंच. फळं अनेकवचनातच घ्यायची, म्हणजे 'अ'ची भानगड येत नाही. मंगळवारी तीच फळं, भर फक्त दोन प्राण्यांची, कॅट्स आणि डॉग्ज. बुधवारी 'आय डोन्ट लाइक'. गुरुवारी 'डू यू लाइक?' आणि त्याला 'येस' किंवा 'नो', पूर्ण वाक्याचा आग्रह नाही. शुक्रवारी नवीन शून्य, नुसते खेळ. शनिवारी शाळा सकाळची. चित्र काढायचं आणि त्याखाली एक ओळ. ही ओळ पहिलीला मी फळ्यावर लिहून देते, दुसरी स्वतः लिहिते. पुढच्या सोमवारी वाक्य बदलेल, पण कॅट्स, डॉग्ज आणि ग्रेप्स तेच राहतील: 'आय कॅन सी अ कॅट'. एका आठवड्यात एकतर वाक्य नवं किंवा शब्द नवे. दोन्ही एकदम नवे असतील तर टाचण परत लिहा.

बुधवारची तासिका जवळून बघा. माझ्याकडे ३५ मिनिटं असतात, पण एका हाताने दुसरीला सांभाळायचं असतं, म्हणून मी तीसच धरते.

सुरुवात आज्ञांनी, पाचेक मिनिटं. स्टँड अप, टर्न अराउंड, टच युवर नोज, टच द डोअर, सिट डाउन. मी बोलते आणि करते, पोरं नुसती करतात. बोलायची सक्ती नाही. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही पद्धत बांधली. त्याचं म्हणणं साधं होतं: तान्हं मूल आधी ऐकून हालचाल करतं, बोलतं नंतर; दुसरी भाषाही तशीच येऊ द्यावी. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा. 'स्टँड अप, म्हणजे उभे राहा' असं म्हणू नका. तसं म्हणालात की पोरं पहिला तुकडा कानाआड करून मराठीची वाट बघतात, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? मी स्वतः उठते. दोन पोरं उठतात, त्यांचं बघून बाकीची उठतात. तिसऱ्या दिवशी मी बसून राहते आणि नुसतं बोलते. मग खरं कळतं, कुणाला समजलंय आणि कुणी शेजाऱ्याकडे बघतंय. खेळाचे नियम मात्र खुशाल मराठीत सांगा. तिथे इंग्रजीचा हट्ट धरला तर दहा मिनिटं वाया जातात आणि खेळ होतच नाही.

मग पिशवी. कापडी पिशवीत सोमवार-मंगळवारच्या वस्तू आणि चित्रं. एक पोर हात घालून काढतं, वर्ग म्हणतो 'आय लाइक बनानाज'. सगळ्या वर्गाने एका सुरात ओरडणं ऐकायला झकास वाटतं, पण त्यात पाच जणच बोलतात, बाकीचे तोंड हलवतात. म्हणून आधी खिडकीकडची रांग, मग दाराकडची, मग फक्त मुली, मग निळी पिशवी असलेले.

आता नवं. मी केळं हातात घेते, खुशीत म्हणते 'आय लाइक बनानाज'. मग कारल्याचं चित्र, तोंड वाकडं, हाताने नकार: 'आय डोन्ट लाइक धिस'. कारल्याचं इंग्रजी नाव सांगायची गरजच नाही. दोन-तीनदा झालं की पोरांना विचारते. इथे त्यांना खरं बोलू द्या. गेल्या हंगामात बागेत राहणारी एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी चित्र बघून ती ठणकावून म्हणाली, "आय नो लाइक ग्रेप्स!" वर्ग हसला. द्राक्षाच्या गावात द्राक्ष आवडत नाही? नंतर मराठीत म्हणाली, "रोज तेच खाऊन तोंडाला आंबट चव बसली." मी तिला थांबवून 'नो नाही, डोन्ट' असं केलं नाही. नुसतं म्हणाले, 'ओ, यू डोन्ट लाइक ग्रेप्स! आय लाइक ग्रेप्स.' तिने मान डोलावली आणि पुन्हा म्हणाली, या खेपेला 'डोन्ट'सकट. पोराचं वाक्य आपण बरोबर करून त्यालाच परत ऐकवायचं, एवढीच दुरुस्ती पहिलीला पुरते.

त्यानंतर जोड्या, आठ-दहा मिनिटं. मी दुसरीतलं एक आणि पहिलीतलं एक अशी जोडी लावते. दुसरीवाल्याला मास्तरकी मिळते आणि त्याचीही उजळणी होते. बहुवर्ग शिकवण्याचा हा एकच फायदा, तो सोडू नका.

शेवटी टोलनाका. शक्य असेल तर इंग्रजीची तासिका मधल्या सुट्टीच्या आधीची मागून घ्या. मी दारात हात आडवा धरून उभी राहते. एकेक पोर येतं, आपलं वाक्य सांगतं, हात वर होतो, गाडी सुटते. बाहेर खिचडीचा वास असल्यामुळे कुणी रेंगाळत नाही. एका वेळी सगळ्यांचं नीट ऐकणं होत नाही, म्हणून हजेरीतून रोज चार-पाच नावं ठरवायची आणि त्यांचंच कान देऊन ऐकायचं. आपणहून बोललं तर बरोबरची खूण, मदतीने बोललं तर अर्धी. आकारिक मूल्यमापनाच्या (वर्षभर शिकवता शिकवता करायच्या मूल्यमापनाच्या) नोंदी यातूनच तयार होतात, सत्राच्या शेवटी आठवून आठवून लिहाव्या लागत नाहीत.

अक्षरांकडे येते. पालकांची आणि कधी कधी साहेबांचीही घाई इथेच असते. पहिलीचं पोर त्याच वेळी मराठी मुळाक्षरांशी झटत असतं, त्यामुळे मी इंग्रजी लेखन दिवाळीनंतर धरते. ए पासून झेड पर्यंत ओळीने जात नाही. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी, कारण एवढ्यावरच पिन, पॅन, टॅप, टिन, सॅट, अँट असे शब्द वाचता येतात. ए, बी, सी, डी, ई एवढी शिकवून झाली तरी 'बेड', 'बॅड', 'कॅब' यांच्यापुढे फारसं काही हाती लागत नाही. अक्षराचं नाव नंतर, आवाज आधी. आणि आवाज पाय मोडून काढा: 'स' नव्हे 'स्', 'प' नव्हे 'प्'. आपल्याला व्यंजनात 'अ' मिसळायची सवय असते. ती तशीच राहिली तर पोर 'प-इ-न' म्हणतं आणि 'पिन' काही जुळत नाही. पाय मोडका 'प्' पोरांना मराठी जोडाक्षरांमुळे पुढे कळतोच, इथे तो थोडा लवकर ओळखीचा होतो.

लिहिताना आणखी एक अडचण येते, ती फळ्यावरच दाखवा. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. चाररेघी वहीत पोरं इंग्रजी अक्षरंही वरच्या रेघेला टांगतात, ते यामुळेच. मी आठवडाभर वहीच देत नाही. अंगणात खडूने चार रेघा ओढते, मधल्या दोन रेघांतल्या जागेला घर म्हणते, आणि एन घरात बसतो, टी माडीवर डोकं काढतो, पी तळघरात पाय सोडतो हे पोरांना त्यावर उभं राहून दाखवायला लावते. लहान लिपी आधी, मोठी लिपी फक्त स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरापुरती.

स्वतःच्या उच्चाराची धास्ती अनेकांना असते. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडून आदल्या रात्री ऐका, तेवढं पुरे. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांचा फरक (एकाला वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू) जमला तर छान, नाही जमला तर पहिलीत कुणाचं अडत नाही.

पालक विचारतात, "वहीत काही दिसत नाही, शिकवता की नाही?" शनिवारच्या चित्राची वही त्यासाठी घरी पाठवा आणि पोराला सांगा, ओळ आईला वाचून दाखवायची. स्पेलिंग पाठ करून घेऊ नका म्हणून बजावा; त्यांनी ते केलं तर सोमवारी लगेच कळतं, कारण पोर 'सी ए टी, कॅट' म्हणतं आणि मांजर समोर आलं तरी गप्प राहतं.

अधेमधे येणाऱ्या मुलांसाठी वेगळं टाचण काढायची गरज नाही. पहिला आठवडाभर त्यांना बोलायला लावू नका. आज्ञांच्या खेळात ती लगेच सामील होतात, कारण तिथे बघून करता येतं. पिशवीतली वस्तू काढायचं काम त्यांना द्या. जोडीला दुसरीतलं सगळ्यात बडबडं पोर द्या. आणि टोलनाक्यावर चित्राकडे नुसतं बोट दाखवलं, तरी हात वर करा.