आजीच्या मते मी पेट्रोल पंपावर आहे

माझं गाव वेंगुर्ल्याजवळ. बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर किनाऱ्यावरच्याच एका विमानतळाच्या इंधन डेपोत लागलो. आजी वाडीत अजून सांगते, "नातू पेट्रोल पंपार लागलो." असो.

नव्या मुलांना धास्ती असते आगीची. ती हवीच. जेट ए-१, म्हणजे विमानाचं इंधन. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३८ अंश आणि मे महिन्यात इथला पत्रा त्याहून सहज जास्त तापतो. म्हणून सुती युनिफॉर्म, मोबाइल बाहेर, होज जोडण्याआधी बाँडिंग केबल, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून विमान आणि गाडी जोडणारी तार. हे आठवड्यात अंगवळणी पडतं. पाणी मात्र वर्षभर पिच्छा सोडत नाही.

टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि व्हेंटमधून, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या तोंडातून, दमट खारी हवा आत ओढते. आतून घाम सुटतो, पाणी तळाशी बसतं आणि इंधन-पाण्याच्या सीमेवर बुरशी धरते. तीच पुढे फिल्टर चोंदवते. आणि उंचावरच्या थंडीत पाण्याचा बर्फ होतो, ते वेगळंच. म्हणून इंधन ओढणारा पाइप तरंगता असतो, वरचंच घेतो. रोज सकाळी तळाचा निचरा काचेच्या बरणीत घेऊन गरगर फिरवायचा. भोवऱ्याखाली मधोमध कचरा जमतो. अळवाच्या पानावरच्यासारखे पाण्याचे टपोरे मणी दिसले, की अजून निचरा काढायचा.

डोळ्यांना न दिसणारं पाणी कॅप्सूल पकडते, म्हणजे आत रंग बदलणारा कागद असलेली छोटी डबीतली तपासणी-कॅप्सूल. सिरिंजने ५ मिली इंधन तिच्यातून ओढायचं. पिवळा कागद हिरवट झाला की काम बंद. पहिल्याच पावसाळ्यात माझी हिरवी झाली आणि मी विमान थांबवलं. सिनियर धावत आले, दुसरी कॅप्सूल लावली, ती पिवळीधमक. "वापरूच्या आधी रंग बघितलंस काय रे?" नव्हता बघितला. डबीचं झाकण मी सकाळपासून उघडं टाकलं होतं, जुलैच्या हवेनेच ती रंगली होती. थांबवल्याबद्दल मात्र ते एक शब्द बोलले नाहीत.

या कामात यायचं असेल, तर घनतेचं गणित आधीच पक्कं करून या. मोजमाप ३० अंशाला घेतलं तरी आकडा १५ अंशाला आणून टँकरसोबत आलेल्या चलनावरच्या आकड्याशी ताडतात. ३ किलो प्रति घनमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर टँकर रिकामा करायचा नाही.

टँकर चालवणाऱ्यांना अवजड वाहनासोबत धोकादायक मालाचाही परवाना लागतो. विमानतळाचा पास सगळ्यांनाच लागतो आणि पोलीस पडताळणीत वेळ जातो. आधार कार्डावर मुंबईचा पत्ता आणि राहणं गावात, असं असेल तर ते आधी निस्तरा.