ऑपेरा हाउस ऐकायला जायचं कसं

मी जळगावात हौशी नाटकांना साउंड लावतो. केबल, कनेक्टर, माइकची कॅप्सूल असलं काहीबाही आणायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला फेरी ठरलेली. तो रस्ता जिथे संपतो तिथे ऑपेरा हाउसची इमारत उभी आहे. वर्षानुवर्षं मी तिच्या पुढून पिशव्या सावरत गेलो आणि कुलूपच पाहिलं. १९९३ मध्ये रॉयल ऑपेरा हाउस बंद पडलं ते २०१६ च्या ऑक्टोबरात उघडलं. आता वर्षातून एकदा तरी मी मुद्दाम त्याच्यासाठीच मुंबई गाठतो. आपल्याकडचे ओळखीचे लोक विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

पहिलं म्हणजे, कार्यक्रमाचं तिकीट काढूनच जा. नुसतं ‘बघून येऊ’ म्हणून गेलात तर बहुतेक वेळा दारातूनच परतावं लागेल, कारण हे संग्रहालय नाही, चालतं नाट्यगृह आहे. कधीमधी इमारत दाखवायची फेरी ठेवतात, तिची चौकशी करायला हरकत नाही. पण माझं मत विचाराल तर रिकामं नाट्यगृह म्हणजे तारा न लावलेला तंबोरा.

दुसरं, तिकिटाआधी विचारून घ्या की कार्यक्रम माइकवर आहे की बिनमाइकचा. हे मी तळमळीनं सांगतोय. तिथे सिनेमे लागतात, हास्याचे कार्यक्रम होतात, स्पीकर लावून गाणी होतात. ती चांगलीच असतात, पण स्पीकर लागला की कुठलंही नाट्यगृह सारखंच. ऑपेरा, पियानो, चार-पाच वाद्यांची मैफल, असं काही बिनमाइकचं निघालं तर रजा टाका आणि जा. हे छत बांधतानाच असं बांधलंय की वरच्या गॅलरीतल्या माणसालाही प्रत्येक शब्द ऐकू जावा. सपाट भिंतीवरून आवाज चेंडूसारखा परत येतो आणि शब्द एकमेकांवर चढतात. आपल्या गावोगावच्या मंगल कार्यालयांत हेच होतं, मग साउंडवाल्याला शिव्या बसतात. इथे मात्र नक्षीचा गिलावा, बॉक्सचे (बाजूच्या सज्जांचे) गोलसर कठडे, कमानी यांच्यावर आवाज फुटतो आणि सगळीकडे सारखा पसरतो.

जागा घेताना बाल्कनी घ्या. ती स्वस्तही असते. म्हाताऱ्या माणसांना जिने जमणार नसतील तर खाली बसवा, पण बाल्कनीच्या पोटाखालच्या मागच्या रांगा टाळा. तिथे आवाज दबतो. एकूण खुर्च्या पावणेसहाशेच्या आसपासच, त्यामुळे चांगला कार्यक्रम लवकर भरतो.

जायला जळगाव-भुसावळकरांना रात्रीची अमरावती एक्सप्रेस सोयीची. पहाटे सीएसएमटीला सोडते. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारच्या लोकांनी खान्देश एक्सप्रेसचा वार बघावा. ती रोज नसते, पण दादरला पश्चिम रेल्वेच्याच बाजूला उतरवते. दादरहून चर्चगेटकडची स्लो लोकल धरायची आणि चर्नी रोडला उतरायचं. फास्ट धरलीत तर चर्नी रोड हुकेल. स्टेशनाच्या पूर्वेला बाहेर पडलं की चालत पाच-सात मिनिटं. रस्ता विचारताना नुसतं ‘ऑपेरा हाउस’ म्हणू नका, त्या अख्ख्या भागालाच ऑपेरा हाउस म्हणतात आणि लोक हिऱ्यांच्या बाजाराकडे बोट दाखवतात. ‘थिएटर’ म्हणा.

सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. डबा आधीच खाऊन घ्या. आम्ही दादरच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेतो (दादर म्हणजे आपली ज्वारी, स्टेशन नव्हे) आणि गिरगाव चौपाटीवर टिळकांच्या पुतळ्याजवळ सावली धरून बसतो. दिवसभर वेळ असेल तर गिरगावात हिंडा. केशवजी नाईकांची चाळ जवळच आहे. तिथला सार्वजनिक गणपती १८९३ पासूनचा.

कार्यक्रमाच्या पाऊण तास आधी आत शिरा. दारातून आत आल्यावर आधी मान वर करा. प्रवेशाच्या घुमटाचे आठ भाग आहेत, कवी-नाटककारांना वाहिलेले. शेक्सपियर आणि बायरन त्यांतलेच. मग झुंबरं. ती ससून घराण्यानं दिलेली, त्यांच्या भायखळ्याच्या ‘सां सूसी’ बंगल्यातली. हे नाट्यगृह उभारायचं कोलकात्याचे मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी १९०८ मध्ये मनावर घेतलं. १९११ मध्ये पाचवे जॉर्ज मुंबईत आले तेव्हा काम पुरतं झालंही नव्हतं, तरी उद्घाटन उरकून घेतलं. पुढे सिनेमाचे दिवस आले आणि आतल्या रचनेत बरीच मोडतोड झाली. १९५२ पासून ते गोंडलच्या राजघराण्याकडे आहे. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी ते पुन्हा उभं केलं आणि २०१७ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. नक्षीला हात लावू नका. नवा मुलामा आहे, शेकडो हातांचा घाम त्याला सोसणार नाही.

मला मात्र सोन्याच्या मुलाम्यापेक्षा रंगमंच जास्त ओढतो. इथे बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले. बालगंधर्व म्हणजे नारायण राजहंस. तो मुलगा गाण्याचे पहिले धडे आपल्या जळगावात, मेहबूब खाँसाहेबांकडे शिकला. आमच्या गावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे आणि तिथे मी कितीतरी रात्री मिक्सरवर बसलोय. माइकनं शिट्टी मारली की मी आवाज खाली ओढतो, मग मागून ओरड होते, ‘आवाज द्या!’ बालगंधर्वांच्या उमेदीत मिक्सर नव्हता, कॉलर माइक नव्हता. गळा आणि इमारत, दोघांनी मिळून काम करायचं. ते कसं होत असेल, हे मला पुस्तकातून कधीच कळलं नव्हतं.

मागच्या खेपेला आईला नेलं. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर अमळनेरकडचं, बोलणं सगळं अहिराणी. एक गायिका आणि एक पियानो, एवढाच कार्यक्रम. जिने चढून आई बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत टेकली आणि म्हणाली, “इतलं मोठं घर, अन् नुसतं गानं आयकाले?” दिवे उतरले. गाणं इटालियनमधलं, आम्हा दोघांनाही एक शब्द कळत नव्हता. एका जागी गायिका थांबली, पियानोही थांबला आणि पुढची ओळ उचलण्याआधी तिनं श्वास घेतला. तो बारीक, ओढलेला श्वास आमच्यापर्यंत आला. आईनं माझ्या मनगटावर बोट दाबलं. मध्यंतरात म्हणाली, “तिना दम लेवाना आवाज बी येस रे आठे.” तीस वर्षं साउंड करून मला जे सांगता आलं नसतं ते तिनं सांगितलं.

म्हणूनच फोन नुसता सायलेंट नको, बंदच करा. थरथरलेला फोन खालच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. गोळीचा कागद आधीच सोडून ठेवा. टाळ्यांची घाई नको. पाश्चात्त्य मैफलीत एका रचनेचे तीन-चार तुकडे असतात, मधल्या शांततेत टाळी वाजवत नाहीत. कलाकार हात खाली सोडून प्रेक्षकांकडे वळला की वाजवा. ऑपेरा असेल तर गोष्ट आदल्या दिवशी वाचून जा. संगीत नाटकाचं कथानक माहीत असलं की पदात जीव रमतो, इथेही तसंच.

परतीचं तिकीट काढताना तारखेकडे बघा. कार्यक्रम सुटेपर्यंत संध्याकाळच्या आपल्या बहुतेक गाड्या निघून गेलेल्या असतात. उरते महानगरी, ती सीएसएमटीहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे शनिवारच्या कार्यक्रमाला रविवारच्या तारखेचं तिकीट लागतं. मी एकदा शनिवारचं काढलं होतं. माझी गाडी आदल्या रात्रीच जाऊन चुकली होती आणि त्या थंडीत बायको-मुलांना पहाटेपर्यंत प्रतीक्षालयात बसवावं लागलं. वेळापत्रक बदलतं, तेव्हा काढण्याआधी एकदा पडताळून घ्या. थिएटरच्या दारातून सीएसएमटीला टॅक्सी करा, त्या वेळी फार लागत नाही. आईला घेऊन गेलो त्या खेपेला तारीख बरोबर होती. पहाटे जळगावला उतरलो, तर रिक्षात बसता बसता ती विचारत होती, “आते परत कवय जावानं?”